क्रूसावर माणूस नेमका कशाने मरायचा? एका न्यायवैद्यक डॉक्टरचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वसईकडच्या तुमच्या गावात गुड फ्रायडेला दुःखसहनाचं नाटक होतं आणि यंदा ते बसवायची जबाबदारी तुमच्यावर आहे. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की क्रूसावर माणूस गुदमरून मरतो. एका व्हिडिओत ऐकलं की हृदय फाटून मरतो. खिळे तळहातात ठोकायचे की मनगटात, अख्खा क्रूस वाहून न्यायला लावायचे की नुसतं आडवं लाकूड, यावर तुमच्या मंडळात वाद चालू आहे. आणि रोमन लोक ही शिक्षा खरोखर कशी देत असत, हे तुम्हाला हवंय.

माझी नोकरी सगळी सरकारी रुग्णालयाच्या शवागारात आणि न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात गेली. रोमचा इतिहास हा नाद आहे. श्रद्धेच्या भागात मी शिरत नाही, तो तुमच्या धर्मगुरूंचा प्रांत. मी शिक्षेबद्दल आणि शरीराबद्दल बोलतो.

पोस्टमॉर्टेमच्या कागदावर शेवटी एक ओळ भरावीच लागते, मृत्यूचं कारण. टेबलावर उत्तर मिळालं नाही तर आम्ही ‘मत राखून ठेवलं’ असं लिहितो आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवतो. क्रूसाच्या बाबतीत तर प्रेतच समोर नाही. आहेत ती वर्णनं, तीही डॉक्टरांची नव्हेत, वकिलांची, इतिहासकारांची आणि तत्त्वज्ञांची. त्यामुळे ‘गुदमरून’ असं एका शब्दात सांगणारा माणूस पंचनामा न वाचताच अहवालावर सही करतोय असं मी म्हणेन.

मुळात या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे की क्रूसावर देण्याची एकच ठरलेली पद्धत होती. तशी ती नव्हती. सेनेका हा पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ लिहितो की त्याला क्रूस दिसतात ते एका प्रकारचे नाहीत. कुणाला डोकं खाली करून टांगलंय, कुणाच्या गुप्तांगातून खुंट घातलाय, कुणाचे हात आडव्या लाकडावर पसरलेत. जोसेफस हा ज्यू इतिहासकार इ.स. ७० च्या जेरुसलेमच्या वेढ्यात रोमन सेनापती टायटसच्या छावणीत हजर होता. शहराबाहेर अन्न शोधायला आलेले लोक पकडले जात, कधी दिवसाला पाचशे, कधी त्याहून जास्त. तो सांगतो की रागाने आणि चेष्टेने शिपाई त्यांना वेगवेगळ्या अवस्थांमध्ये खिळत, आणि शेवटी क्रूसांना जागा पुरेना आणि माणसांना क्रूस पुरेनात. शरीर कुठल्या अवस्थेत टांगलं यावर मरणाचं कारण ठरतं. अवस्था बदलली की कारण बदललं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. क्रूस हे जीव घेण्याचं यंत्र नव्हतं. जीव घ्यायला रोमनांकडे तलवार होती, त्याला क्षणभर पुरे. क्रूस होता मरण लांबवण्यासाठी आणि ते लोकांना दिसावं म्हणून.

स्पार्टाकसच्या बंडाचा शेवट पाहा. इ.स.पू. ७१ मध्ये पकडलेल्या सहा हजार गुलामांना क्रासुस या रोमन सेनापतीने कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रूसावर दिलं, असं अ‍ॅपियन हा इतिहासकार सांगतो. तो सव्वादोनशे वर्षांनी लिहितोय, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे धरा. तरी हिशेब करून बघा. रस्ता साधारण दोनशे किलोमीटरचा, म्हणजे दर तेहतीस-चौतीस मीटरला एक माणूस. हा देशातला सगळ्यात वर्दळीचा रस्ता. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाच्या नावावर असलेल्या एका भाषणसंग्रहात तर उघडच म्हटलंय की गुन्हेगारांना क्रूसावर देताना गर्दीचे रस्ते निवडतात, जास्तीत जास्त लोकांनी बघावं आणि धसका घ्यावा म्हणून.

म्हणूनच ही शिक्षा कुणाला द्यायची याला फार अर्थ होता. ती गुलामांची, चाच्यांची, बंडखोरांची, परक्या प्रजेची शिक्षा. रोमन नागरिकाला ती द्यायची नाही असा संकेत होता आणि तो मोडला की गदारोळ व्हायचा. सिसेरो या रोमन वकिलाने इ.स.पू. ७० मध्ये सिसिलीच्या व्हेरेस नावाच्या सुभेदाराविरुद्ध जो खटला चालवला, त्यात गॅव्हियस नावाच्या माणसाची हकिगत येते. मेसाना, म्हणजे आजच्या मेसिनाच्या चौकात त्याला फटके मारत होते आणि तो एवढंच म्हणत होता की मी रोमन नागरिक आहे. व्हेरेसने त्याचा क्रूस मुद्दाम सामुद्रधुनीच्या बाजूला उभारायला लावला, का तर मरता मरता त्याला पलीकडचं इटली, म्हणजे स्वतःचा देश, दिसत राहावा. हे भाषण प्रत्यक्ष कोर्टात झालंच नाही, कारण व्हेरेस आधीच पळाला. सिसेरोने ते लिहून प्रसिद्ध केलं. वकिली भाषा वजा केली तरी अपमान कसा मोजूनमापून केला जाई ते दिसतं.

गाल्बाचा किस्सा त्याहून कोरडा आहे. हा पुढे काही महिने सम्राट झाला, पण त्याआधी स्पेनमध्ये सुभेदार होता. वारसासाठी पोरक्या मुलाला विष देणाऱ्या एका पालकाला त्याने क्रूसाची शिक्षा दिली. तो माणूस ओरडू लागला की मी रोमन नागरिक आहे. गाल्बा म्हणाला, बरं, मग याला जरा मान देऊ. त्याला इतरांपेक्षा बऱ्याच उंच आणि पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या क्रूसावर चढवलं. तुमच्या नेपथ्यासाठी यात एक माहिती आहे. उंची ठरलेली नव्हती, आणि ‘इतरांपेक्षा उंच’ हे सांगण्यासारखं होतं त्याअर्थी नेहमीचे क्रूस फार उंच नसावेत.

आता माझ्या आवडीचा पुरावा. नेपल्सजवळ पुतेओली नावाचं बंदर होतं, आजचं पोझ्झुओली. तिथे एक शिलालेख सापडला आहे, ऑगस्टसच्या काळाच्या आगेमागेचा. त्यात नगरपालिकेने अंत्यविधी आणि शिक्षेचं काम ज्या ठेकेदाराला दिलं त्याच्या अटी कोरल्या आहेत. सरकारी टेंडर वाचायची सवय असलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. मजूर बत्तीसपेक्षा कमी नसावेत. वय वीसच्या खाली नको, पन्नासच्या वर नको. लंगडा, आंधळा, एका डोळ्याचा, डाग दिलेला चालणार नाही. कामासाठी गावात शिरताना डोक्यावर रंगीत टोपी हवी. प्रेत आकड्याने ओढून न्यायचं असेल तर मजुरांनी तांबडे कपडे घालावेत आणि घंटा वाजवत जावं. खासगी मालकाला स्वतःच्या खर्चाने गुलाम पुरुषाला किंवा गुलाम बाईला शिक्षा द्यायची असेल, आणि आडवं लाकूड क्रूसापर्यंत न्यायचं असेल, तर खांब, साखळ्या, दोर आणि फटके मारणारे ठेकेदाराने पुरवायचे. मालकाने लाकूड नेणाऱ्या प्रत्येक मजुराचे, फटके मारणाऱ्यांचे आणि मारेकऱ्याचे प्रत्येकी चार सेस्टर्स (रोमन नाणी) द्यायचे. त्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला नऊशे सेस्टर्स मिळत, म्हणजे चार सेस्टर्स ही त्याची दीड-पावणेदोन दिवसांची कमाई. आणि शिक्षा सरकारी असेल तर क्रूस उभे करणं, खिळे, डांबर, मेण, मेणबत्त्या, सगळं ठेकेदाराने फुकट द्यायचं.

ही यादी मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवत असे. क्रौर्याचं वर्णन ऐकून मुलं हलत नाहीत, सिनेमात सगळं पाहिलेलं असतं. दरपत्रक ऐकलं की वर्ग गप्प होतो. यातून तुमच्या एका वादाचं उत्तरही मिळतं. आडवं लाकूड क्रूसापर्यंत नेलं जायचं, म्हणजे उभा खांब जागेवरच असायचा. प्लाउटस या जुन्या नाटककाराच्या लिखाणातही गुन्हेगार लाकूड घेऊन शहरातून जातो आणि मग क्रूसाला खिळला जातो. तेव्हा इतिहासाला धरून राहायचं असेल तर तुमच्या नटाच्या खांद्यावर आडवं लाकूड द्या. अख्खा क्रूस दिला तरी कुणी चूक काढणार नाही, शुभवर्तमानात ‘क्रूस’ एवढंच आहे आणि शतकानुशतकांची चित्रं तशीच आहेत. गुन्ह्याची पाटी मात्र विसरू नका. अशी पाटी लावून गुन्हेगाराला फिरवण्याचे दाखले सुएटोनियस या रोमन चरित्रकाराच्या लिखाणातही येतात.

आता मरणाच्या कारणाकडे वळतो.

गुदमरण्याचा सिद्धांत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात फ्रान्स आणि प्रागमधल्या डॉक्टरांनी मांडला आणि पिएर बार्बे या पॅरिसच्या सर्जनने तो जगभर नेला. त्याला आधार होता ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या एका शिक्षेचा. तिथे माणसाला मनगटं बांधून टांगत. हात सरळ डोक्यावर आणि सगळं वजन हातांवर असेल तर छाती फुगलेल्या अवस्थेत अडकते, श्वास सोडता येत नाही आणि माणूस थोड्याच वेळात जातो. हे खरं आहे. दोन भिंतींच्या फटीत किंवा उलटलेल्या गाडीत भलत्याच अवस्थेत अडकून, गळ्यावर काही दाब नसताना गुदमरलेली माणसं आमच्याकडे येतात. पण हात बाजूला पसरलेले आणि पाय खांबाला टेकलेले असतील तर गणित बदलतं. न्यूयॉर्क राज्यातले मेडिकल एक्झामिनर (सरकारी शवविच्छेदन डॉक्टर) फ्रेडरिक झुगिबे यांनी स्वयंसेवकांना असं क्रूसावर बांधून मोजमापं घेतली. खांदे भरून आले, घाम आला, पण श्वास कुणाचा कोंडला नाही. अर्थात त्या स्वयंसेवकांना आधी फटके बसलेले नव्हते, खिळे नव्हते आणि ‘पुरे’ म्हटलं की उतरता येत होतं. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या नियतकालिकात २००६ साली या सगळ्या सिद्धांतांचा आढावा घेणारा लेख आला. त्याचाही सूर हाच की कुठलंही एक कारण सिद्ध झालेलं नाही.

हृदय फाटण्याची कल्पना जुनी, १८४७ मधली, विल्यम स्ट्राउड या इंग्रज डॉक्टरची. ती सोडून द्या. फाटलेलं हृदय मी टेबलावर पाहिलंय, ते जवळपास नेहमी हार्ट अटॅक येऊन काही दिवस झालेल्या वयस्कर माणसाचं, नाहीतर अपघातातलं. तिशीतल्या धडधाकट माणसाचं हृदय असं फाटत नाही.

मग मी काय लिहीन? आधी चाबकाचे फटके. कातडी फाटते, स्नायू चिरडतात, रक्त जातं. मग ऊन, तहान, जखमांवर माशा, स्नायूंचं विघटन होऊन मूत्रपिंडावर येणारा ताण, रक्तदाब पडत जाणं. काहींच्या बाबतीत थकव्यामुळे शेवटी श्वासही अपुरा पडत असेल. यातलं कुठलं आधी गाठेल हे त्या माणसावर आणि त्याला टांगणाऱ्यावर अवलंबून. टांगणाऱ्याच्या हातात बऱ्याच गोष्टी होत्या. फटके कमी मारले तर माणूस जास्त टिकायचा. खांबाच्या मध्यावर बसायला एक खुंट ठोकत, सेनेका आणि सुरुवातीचे ख्रिस्ती लेखक त्याचा उल्लेख करतात. ती दया वाटते, पण वजन पेलल्यामुळे मरण लांबायचं. खिळ्यांऐवजी दोर वापरले तर रक्तस्राव नाही, मग आणखी वेळ. म्हणून तासांत मरायचे की दिवसांत, याला एक उत्तर नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू सहा तासांच्या आसपास गेला, आणि इतक्या लवकर मेला याचं पिलातला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या टोकाला जोसेफसचा अनुभव. त्याने आपल्या ओळखीचे तिघे क्रूसावर पाहिले आणि रडत टायटसकडे जाऊन सांगितलं. टायटसने त्यांना उतरवून उपचार करायला लावले. दोघे उपचार चालू असताना गेले, एक वाचला.

पाय मोडण्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण नाटकात तो प्रसंग येतोच. गुदमरण्याचा सिद्धांत मांडणारे म्हणतात, पायांवर जोर देऊन वर उचलून घेता येईना म्हणून श्वास बंद पडायचा. मला तेवढं लांब जायची गरज वाटत नाही. महामार्गावरच्या अपघातांत मांडीचं हाड मोडलं की लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साठतं, बाहेर थेंब दिसत नाही. पाण्यावाचून टांगलेल्या, आधीच रक्त गमावलेल्या माणसाच्या पायांची हाडं लोखंडी दांड्याने फोडली, तर शॉकने, म्हणजे रक्ताभिसरण कोसळून, तो थोड्या वेळात संपेल.

थोडक्यात, आतापर्यंतचं माझं मत असं: अवस्था ठरलेली नव्हती, वेळ टांगणाऱ्याच्या हातात होता, आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण एकाहून जास्त होतं. आता खिळे.

इथे हाडं बोलतात, पण फार कमी. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तर भागात गिवअत हामिवतार इथल्या थडग्यात एक दगडी अस्थिपेटी मिळाली. त्यावर येहोहानान हे नाव कोरलेलं. विशीतल्या त्या माणसाच्या टाचेच्या हाडात साडेअकरा सेंटिमीटर लांब लोखंडी खिळा आडवा तसाच होता. खिळ्याच्या डोक्याखाली लाकडाचे अवशेष होते. टाच निसटू नये म्हणून खिळ्याखाली छोटी फळी घेतलेली. टोक वाकलं होतं, बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून, त्यामुळे खिळा उपसता आला नाही आणि घरच्यांनी तो हाडासकट ठेवला. पहिल्या तपासणीत एकाच खिळ्याने दोन्ही टाचा भेदल्या आणि हाताच्या हाडावर खिळ्याची खूण आहे, असं मत दिलं गेलं. १९८५ मध्ये जोसेफ झायस आणि एलिएझर सेकेलेस यांनी हाडं पुन्हा तपासली, तेव्हा खिळा एकाच टाचेत बाजूने शिरलेला निघाला आणि हाताला खिळा ठोकल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यांच्या मते पाय खांबाच्या दोन बाजूंना होते, आणि हात दोराने बांधलेले असू शकतात.

असाच पुरावा इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या फेनस्टँटन गावी २०१७ मध्ये मिळाला. इ.स. १३० ते ३६० च्या दरम्यानचा सांगाडा, उजव्या टाचेत आडवा खिळा. इटलीत गावेल्लोलाही टाचेला भोक असलेलं हाड मिळालं, पण खिळा नाही. हजारो माणसं क्रूसावर गेली आणि पुरावा इतकाच, याचं नवल वाटतं, पण माझ्या धंद्यात नाही वाटत. बहुतेकांना पुरलंच नसेल. ज्यांना पुरलं त्यांचे खिळे आधी काढून घेत असणार, लोखंड महाग. शिवाय क्रूसाचा खिळा किंवा दोर तापावर उपाय म्हणून अंगावर बांधत, असं प्लिनी हा रोमन लेखक नोंदवतो. आणि खिळा दोन हाडांच्या मधल्या फटीतून गेला तर हाडावर खूण राहतच नाही. तिथे आम्हीही आज चुकलो असतो.

तेव्हा तळहात की मनगट? हाडांवरून मला ठरवता येत नाही. बार्बेने कापलेल्या हातावर प्रयोग करून दाखवलं की सगळं वजन पडलं तर तळहात फाटतो. पण पाय टेकलेले असतील किंवा हात दोराने बांधलेले असतील तर तळहात धरतो. तुमच्या चर्चमधल्या मूर्तीवर जखम तळहातात असेल तर तीच ठेवा आणि मनगटाला दोर दाखवा. पायाखालची तिरपी फळी मात्र नंतरच्या चित्रांतून आलेली आहे. नाटकात ती ठेवा, कारण वेगळं आहे, तेच आता सांगतो.

नटाला हातांनी टांगू नका, एक मिनिटसुद्धा नाही. वजन पायांवर आणि आत बसवलेल्या हार्नेसवर (अंगाला बांधायच्या सुरक्षापट्ट्यांवर) यायला हवं. सरळ, न हलता उभं किंवा टांगलेलं राहिलं की रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस शुद्ध हरपतो. तो बेशुद्ध झाला आणि तसाच टांगलेला राहिला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पायाखाली मजबूत फळी, आणि त्याला पायांची बोटं आणि पोटऱ्या हलवत राहायला सांगा, झग्याखाली कुणाला दिसत नाही. एप्रिलच्या दुपारी तालीम असेल तर आधी पाणी पाजा, उपास असेल तर तालमीच्या दिवशी सोडायला सांगा. खाली एक माणूस फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा हवा. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मळमळ झाली की संवाद पुरे व्हायची वाट न पाहता खाली घ्यायचं आणि आडवं झोपवायचं. खिळा ठोकल्याचा आवाज पडद्यामागून काढा. तालमीतसुद्धा हाताजवळ खरा हातोडा नको.